नियम न शिकवता व्याकरण

'केलं' असे अचूक म्हणणारे मूल काही दिवसांनी 'करलं' म्हणू लागते. इंग्रजी मूलही 'वेंट' सोडून 'गोएड' म्हणते. मुलाच्या मनात नियम रुजल्याचा हा पुरावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानत.

१९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी याला आव्हान दिले. त्यांच्या संगणकीय जालात ४६० घटक क्रियापदाचे मूळ रूप घेत, ४६० घटक भूतकाळाचे रूप देत. व्याकरणाचा नियम एकही नाही. होते ते फक्त घटकांमधील जोडण्यांचे कमीअधिक होणारे बळ. आधी १० क्रियापदे शिकवली, मग एकदम आणखी ४१०. आणि जाल चक्क मुलांसारखे चुकू लागले!

१९८८ मध्ये स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी या दाव्याची चिरफाड केली. पहिल्या दहांत आठ क्रियापदे अनियमित, पुढची बहुतेक नियमित. मग चूक जालाची, की शिकवण्याच्या क्रमाची? शिवाय 'मेल'चे भूतकाळी रूप जालाने दिले 'मेम्बल्ड'. असे कोणते मूल बोलेल? माझ्या मते पहिला आक्षेपच अधिक जिव्हारी लागणारा होता.

तरीही वाट बंद झाली नाही. १९९० मध्ये जेफ्री एलमन यांनी मागचे शब्द ध्यानात ठेवणारे जाल मांडले. त्याला काम एकच दिले होते : पुढचा शब्द ओळखणे. त्यातूनच नाम आणि क्रियापद हे गट त्याने आपले आपण वेगळे केले. आजच्या भाषा-प्रारूपांचे मूळ प्रशिक्षणही पुढचा शब्द ओळखण्याचेच असते.