चिखल, बर्फ आणि घरी बनवलेला पट्टा

वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागलं की अनसिंग येतं. इथली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि जुलैत चपलेसकट पाय ओढून घेते. पांदणीत ट्रॅक्टर रुतला की हटकून कुणीतरी म्हणणार, "याले पोकलेनसारखी चेन पायजे होती ना भाऊ!" (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपण त्याचं सामान्यनाम करून टाकलं. असो.)

म्हणणं चुकीचं नाही. दोन टनांच्या ट्रॅक्टरची चाकं सगळी मिळून २००० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकली असं धरा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. तेच दीड मीटर लांब, ३० सेंमी रुंद असे दोन पट्टे लावले की भार सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास! (पट्ट्यांचं वजन सोडून.) कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये हेच केलं. तिथल्या दलदलीच्या शेतात वाफेचे ट्रॅक्टर रुतायचे म्हणून चाकं काढून त्याने साखळीत ओवलेल्या लाकडी फळ्या लावल्या.

पण होल्टकडे कारखाना होता. मला जास्त भावतो तो जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये. हो, २०१५ पासून मुंबईत धावायला लागलेल्या 'बंबार्डियर' लोकलमधलं नाव त्याचंच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचं खेडं. १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, या पोराने वडिलांनी दिलेलं फोर्डचं जुनं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि भावाला घेऊन गावातून बर्फावर फिरवली. उघडा पंखा गरगरतोय हे बघून वडिलांनी ती लगेच मोडायला लावली. बरोबरच केलं म्हणा!

पुढे १९२६ ला गॅरेज टाकलं. दिवसा गाड्या दुरुस्त करायच्या, उरलेल्या वेळात बर्फावरची गाडी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचं, इव्होनचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटल शेरब्रुकला, रस्ते बर्फाखाली, आणि गॅरेजमध्ये चालेल अशी एकही गाडी तयार नव्हती. मुलगा गेला.

त्यानंतर १९३५ मध्ये त्याला गाडा जिथे अडत होता ते कोडं सुटलं. दातेरी चाक त्याने रबराने मढवलं आणि ते रबर-कापडाच्या पट्ट्यात अडकून पट्टा ओढेल असं केलं. पुढे वळण्यासाठी स्की. १९३७ ला पेटंट मिळालं. सात माणसांची ही 'बी-७' डॉक्टर, टपालवाले, पाद्री सगळे वापरू लागले. १९४८ नंतर सरकार गावचे रस्तेही हिवाळ्यात साफ करायला लागलं आणि खप धाडकन पडला. मग तो जंगल आणि खाणींसाठी गाड्या करू लागला. १९५९ ला आली छोटी 'स्की-डू'.

हीच गाडी अनसिंगला चालेल का? अवघड आहे. चिखलात स्की निरुपयोगी, म्हणजे वळायला एका बाजूचा पट्टा थांबवायचा, आणि तो तिथेच जमीन उकरत बसणार. शिवाय आपली काळी माती बर्फासारखी झडून जात नाही. ती दात्यांत थापली जाते, घट्ट बसते आणि ताण वाढून पट्टा उतरतो. पट्टा बनवायचाच असेल तर आधी माती खरवडून काढणारी पट्टी बनवायला घ्या, इंजिनाचं नंतर बघू.