लोखंडामधला कागद

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णा नदीच्या काठी, केदारखेडा हे आमचे गाव. आमच्या शेतातील विहिरीवर दोन खुणा अजून शिल्लक आहेत. एका बाजूला मोटेची धाव. बैलांच्या कित्येक पिढ्यांनी तुडवून घट्ट केलेली ती उतरती वाट आता बाभळीच्या झुडपांनी भरून गेली आहे. दुसऱ्या बाजूला सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार गंजके बोल्ट. तिथे आमचे डिझेल इंजिन बसविलेले होते. शाळेत मी मुलांना राजे, लढाया आणि तह शिकवितो. पण आमच्या गावाच्या पोटापाण्याचा इतिहास या दोन खुणांमधल्या दहा-बारा पावलांत मावतो, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मोट चामड्याची असे. तिला तेल पाजून मऊ राखावे लागे. टाका उसवला की पाणी वर येईपर्यंत निम्मे गळून जाई, आणि बैलांचे निम्मे श्रम विहिरीतच परत पडत. म्हणून तर मोट शिवणाऱ्याचा आणि नाडा वळणाऱ्याचा सुगीत धान्यावर हक्क असे. बैल किती ओढतो हे जसे कुणब्याला ठाऊक असे, तसेच चामडे किती गळते हेही ठाऊक असे. पुढे इंजिन आले तेव्हा त्याची ताकद सर्वांच्या डोळ्यांत भरली. गळतीचा हिशेब मात्र मागे पडला.

वास्तविक यंत्राचा इतिहास हा गळतीशी दिलेल्या झुंजीचाच इतिहास आहे. इंग्लंडात १७१२ साली न्यूकॉमेनने खाणीतले पाणी उपसणारे इंजिन उभे केले, तेव्हा दट्ट्याभोवती चामडे लावून वर पाण्याचा थर ठेवावा लागे. पुढे जेम्स वॉटला हाच प्रश्न भंडावू लागला. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधून वाफ निसटे. त्याने बूच लावून पाहिले, तेलकट चिंध्या कोंबल्या, पुठ्ठा आणि जुन्या हॅटी वापरल्या; घोड्याची लीदसुद्धा सोडली नाही! विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या यंत्रावर गोल सिलिंडर कोरून दिला तेव्हा, १७७५ च्या सुमारास, वॉटचा मार्ग मोकळा झाला. आमच्याकडे पंपाच्या पाइपाचा सांधा हवा घेऊ लागला की शेतकरी त्यावर शेणाचा गोळा थापतो. हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि अभिमानही वाटला. आमचा शेतकरी थोरामोठ्यांच्या पंक्तीत होता. फटीत काहीतरी कोंबण्याची, म्हणजे ‘पॅक’ करण्याची ही रीत. तिचेच नाव दोन लोखंडांमध्ये घालायच्या कागदालाही आपल्याकडे पडले. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. आमचे मिस्त्री म्हणत ‘पॅकिंग’.

रुडॉल्फ डीझेलचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. महाराष्ट्रात १९३० नंतरच्या दशकात धनजीशा कूपर यांच्या सातारा रोडच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनविली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगर निघत होतेच. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. आमचा मुलूख त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता. १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमच्या आजोबांनी मोट सोडून इंजिन घेतले ते महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर. इंजिन बैलगाडीतून आले आणि आजीने त्याला हळदकुंकू लावले, असे दादा, म्हणजे आमचे वडील, सांगत.

१९७२ च्या दुष्काळात त्या इंजिनाची खरी कसोटी लागली. पंप पाणी ओढतो म्हणजे हवेचा दाबच ते वर ढकलतो. आणि हवेला सुमारे दहा मीटरांपेक्षा जास्त उंच पाणी ढकलता येत नाही. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांतच पंप हात टेकतो. पाणी तळाला गेले तसे गावोगाव विहिरींच्या आत कपारी खोदून इंजिने खाली उतरविली गेली. धुराने विहिरीत गुदमरून माणसे मेल्याच्या हकिगती त्या काळातल्या लोकांना ठाऊक आहेत. इतके जिवावर उदार होऊन काढलेले पाणी! त्यातले थेंबभर गळणेही परवडणारे नव्हते.

मी शाळेत होतो तोवर विजेच्या मोटारी आल्या होत्या. पण वीज रात्री येई, तीही मनात आले तर. त्यामुळे दादांनी एक नवे इंजिन राखून ठेवले होते. जुने संथ इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घेई, आणि त्याच्या दांड्याच तेलात डुबून ते उडवीत. हे नवे मिनिटाला दीड हजार फेरे घेई. त्याला तेल दाबाने पुरविणारा पंप होता. तो टायमिंगच्या झाकणामागे बसविलेला होता. या झाकणाआड इंजिनाचे घड्याळ असते. क्रँकचा दातेरी गिअर दोन फेरे घेतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, कारण कॅमच्या गिअरला दुप्पट दाते असतात. दोन्हींवर कोरलेल्या खुणा समोरासमोर आल्या पाहिजेत; एक दात चुकला तरी झडपा वेळी-अवेळी उघडतात.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. गहू पोटरीत होता, वीज चार दिवसांपासून नव्हती, आणि इंजिनाच्या झाकणातून मोबिल ऑइल ठिबकत होते. मिस्त्री जालन्याला गेलेले. मी दादांना म्हटले, “मी करतो.” पास झालेल्या पोरावर बापाचा विश्वास बसतोच. नट काढले, झाकण हलेना. मग फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून मी ते उचकटले. पॅकिंग फाटले आणि झाकणाच्या घासलेल्या तोंडावर ओरखडा उमटला. जुना कागद मी छन्नीने खरवडला. खुणा मात्र नीट जुळविल्या. तेवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. ऑइल पंपही उघडला, धुऊन कोरडा केला. कागद नव्हता, म्हणून घरात पडलेल्या एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून झाकणाला आणि पंपाला पॅकिंगे केली, आणि नट जितके आवळता येतील तितके आवळले.

इंजिन पहिल्या हँडलला सुरू झाले. गळती बंद! दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तासाभराने पाण्याचा पाट गव्हात शिरला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनातून एक कर्कश खरखर आली आणि ते जागच्या जागी थांबले. हँडल हलेना.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांना सगळा गाव चाचा म्हणे. त्यांनी पंप उघडला, पत्रिकेचा पुठ्ठा दोन बोटांत धरला आणि म्हणाले, “बेटा, लग्न कोणाचं व्हतं?” मग हसू आवरून त्यांनी मला समजावले. पंपात दोन लहान गिअर असतात. दातांच्या खोबणीत धरून ते तेल पुढे लोटतात. गिअर आणि त्यांचे झाकण यांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच जागा असावी लागते. ती जागा पॅकिंगचा कागदच ठरवितो. पुठ्ठा जाड, म्हणून जागा वाढली, आणि तेल पुढे न जाता दातांवरून मागेच फिरत राहिले. त्यात मी पंप कोरडाच बसविला होता. बाहेरची गळती मी बंद केली होती; आतली सुरू केली होती. बेअरिंगे तेलावाचून जळाली आणि क्रँक खरवडला.

क्रँक घासून आणीपर्यंत बारा दिवस गेले. गव्हाच्या ओंब्या अर्ध्यामुर्ध्या भरल्या. खर्चासाठी दादांनी गोऱ्हा विकला. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुन्हा जोडणी करताना चाचांनी मला शेजारी बसवून घेतले. मऊ लाकडाच्या चिपाटाने त्यांनी दोन्ही तोंडे साफ केली. ओरखड्यावर बारीक दगड सपाट धरून उंचवटा तेवढा उतरविला. कागद तोंडावर ठेवून हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलके ठोके देत कापला. तेलाच्या वाटेचे भोक राहिले नाही ना, हे दोनदा पाहिले. पंपात तेल भरले. ग्रीसच्या पुसट हाताने कागद झाकणाला चिकटविला, दोन लांब बोल्ट वाट दाखवायला लावून झाकण त्यांवरून सरळ आत सरकविले, कागद सरकू दिला नाही. सगळे नट आधी बोटांनी, मग पान्याने समोरासमोरचे, थोडे थोडे. “आवळलं म्हणजे बसलं असं नस्तं,” ते म्हणाले. “कागदाला दाबायचं, चिरडायचं नाही.”

चाचांच्या दुकानात भिंतीवरच्या खिळ्यांना पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले असत. आसपासच्या गावांत आलेल्या प्रत्येक जातीच्या इंजिनाच्या झाकणाची आकृती त्यांनी कापून ठेवली होती. कोणत्या गावात कोणते इंजिन केव्हा आले, हे ते नमुन्याकडे पाहून सांगत. कारखान्यांचे इतिहास छापले गेले, संस्थापकांचे पुतळे उभे राहिले, ते योग्यच झाले. पण आमच्या मुलखात इंजिन चालते ठेवले ते या खिळ्यांवरच्या विद्येने. आणि तिची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

चाचा गेले. त्यांच्या मुलांनी दुकानात मोबाइलचा धंदा घातला, तेव्हा ते नमुने रद्दीत निघाले होते. मी गेलो तोवर एकच उरला होता. तोही आमच्या इंजिनाचा नव्हे. तो मी वर्गात फळ्याशेजारी टांगला आहे. मुले विचारतात, “सर, हा कशाचा नकाशा?” मी त्यांना सांगतो, आपल्या गावात पाणी कसे आले त्याचा.