मसल कार आणि घरचे गॅरेज

मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत थोरल्या गाडीचे दांडगे व्ही-८ इंजिन बसवायचे आणि ती तरुणांच्या खिशाला झेपेल अशा किमतीत विकायची, या अमेरिकी कल्पनेतून मसल कार जन्माला आली. तिच्या भरभराटीचा काळ जेमतेम दहा वर्षांचा, साधारण १९६४ ते १९७४. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या या गाड्या घरच्या गॅरेजात पुन्हा चालत्या करण्याची परंपरा मात्र अनेक दशकांनंतरही जोमात आहे.

सुरुवात जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक शाखेपासून मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा, मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. ३८९ घन इंचांचे, ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर जादा पैसे देऊन घेता येणारा संच म्हणून दिले आणि त्या संचाला जीटीओ नाव ठेवले. जादा किंमत ३०० डॉलरच्या आत होती. १९६४ च्या मॉडेलसाठी ५,००० गाड्यांना मंजुरी मिळाली होती, खपल्या ३२,४५०. त्याच सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाट ११०० चे इंजिन १.१ लिटरचे होते, यावरून या आकड्यांचा अंदाज यावा.

खपामागे लोकसंख्येचे कारण होते. महायुद्धानंतर १९४६ मध्ये जन्मलेली पहिली मुले १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेली फोर्ड मस्टँग पहिल्या वर्षात चार लाखांवर खपली. १९६६ मध्ये क्रायस्लरने सात लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाडीत दिले. त्या वर्षअखेरीपर्यंत शेव्हरोलेची कॅमारो बाजारात आली. १९६८ ची प्लिमथ रोड रनर ३,००० डॉलरच्या आत मिळे. १९७० मध्ये शेव्हरोलेच्याच शेव्हेल या गाडीच्या सर्वांत तगड्या इंजिनाची नोंद ४५० अश्वशक्तीवर गेली आणि तिथेच शिखर गाठले गेले.

उतार तितकाच वेगाने आला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या ताकदवान गाड्यांवर जबर हप्ते लावले. १९७० च्या अखेरीस शुद्ध हवेचा नवा कायदा झाला. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पंपांवर रांगा लागल्या आणि पुढच्या वर्षी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. १९७४ मध्ये डॉज चॅलेंजर आणि प्लिमथ बाराकुडा बंद झाल्या. जुन्या मसल कार मातीमोल भावाने फिरू लागल्या. क्लच गेला, घरात मूल आले किंवा विम्याचा हप्ता जड झाला, की गाडी कोठारात, अंगणात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात जाई. ‘पुढच्या उन्हाळ्यात काढू’ म्हणून झाकलेली गाडी वीस-तीस वर्षे तशीच राही.

अशी गाडी घरीच पुन्हा चालती करता येईल, हा विश्वास अमेरिकेत आधीपासून होता. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण १९३० च्या दशकापासून जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिने सुधारून कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात शर्यती लावत. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील व्यवसायशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला, आणि पुढे अनेक शाळांत मोटारदुरुस्तीचे वर्ग निघाले. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झाले, तर १९५४ पासून ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’मध्ये जुन्या गाड्या आणि सुट्या भागांच्या जाहिराती येऊ लागल्या. शिवाय मसल कार मुळात सोपी. तिच्यात संगणक नाही. बोनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग सगळे हाताशी. नेहमीचे पाने आणि धीर यांवर बरेच काम निभते.

अडचण सुट्या भागांची होती. कंपन्यांनी जुने भाग बनवणे थांबवल्यावर लोक भंगारवाड्यातून दुसऱ्या गाड्यांचे भाग काढत. मग त्याच मापाचे नवे भाग बनवणारा धंदा उभा राहिला. १९८१ मध्ये जॉर्जियात सुरू झालेली इयर वन ही त्यातली एक नामवंत कंपनी. या शतकाच्या पहिल्या दशकात तर १९६७ ची मस्टँग आणि १९६९ ची कॅमारो यांचे संपूर्ण सांगाडे नव्याने बनू लागले.

अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीबाबतचा पहिला नियम असा, की किल्ली फिरवायची नाही. टाकीतले पेट्रोल आंबूस वासाचे, तपकिरी झालेले असते आणि त्याचा चिकट थर नळ्यांत व कार्ब्युरेटरमध्ये बसलेला असतो. म्हणून टाकी खाली उतरवून धुतात. एअर फिल्टरच्या डब्यात हमखास उंदरांचे घरटे सापडते. पुढची पायरी इंजिन मोकळे आहे का हे पाहण्याची. आठही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतात आणि काही दिवस मुरू देतात. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हातानेच क्रँक फिरवून बघतात. आधी काही हलत नाही. मग पाना बोटभर सरकतो, थांबतो, आणि उलटसुलट दाबत राहिले की एक पूर्ण फेरा बसतो. त्या फेऱ्यासाठी माणसे महिनाभर तेल सोडत थांबतात. जोर केला तर रिंगा तुटतात.

इंजिन फिरले तरी ते लगेच चालू करत नाहीत. अनेक अमेरिकी व्ही-८ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागेतून लांब दांडी घालतात आणि ड्रिलने तेलपंप फिरवतात, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल आधी पोचते. या इंजिनांच्या कॅमला जस्तयुक्त मिश्रण असलेले तेल लागते. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद आहे. शिशाचे संरक्षण त्यामुळे गेले, म्हणून जुनी हेड खोलली की व्हॉल्व्ह टेकतात तिथे कणखर सीट बसवून घेतात.

ब्रेक हा जिवाशी गाठ असलेला भाग. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, आतून गंज चढतो आणि व्हील सिलिंडर जाम होतात. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत चारही चाकांना एकच तेलमार्ग असे. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. म्हणून नळ्या आणि होज सरसकट बदलतात. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ती धूळ फुंकून उडवू नये. टायर नक्षी शाबूत दिसली तरी वयाने बाद ठरतात.

सर्वांत खर्चिक काम पत्र्याचे. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाते. जीटीओ, शेव्हेल या गाड्यांना स्वतंत्र चेसिस आहे; मस्टँग आणि क्रायस्लरच्या गाड्यांत मात्र बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे त्यांच्यातला गंज थेट ताकदीवर येतो. मस्टँगचे दुखणे ठरलेले आहे: पुढच्या काचेखालच्या हवेच्या पोकळीत पाणी साचते, ती कुजते आणि पावसात पाणी पायांवर गळते. सडलेला भाग कापून नवा वेल्ड करणे हाच खरा इलाज. वरून लांबी भरून रंग मारला तर दोष फक्त झाकला जातो.

गाडीची ओळख कागदांतही असते. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओच्या क्रमांकात जीटीओची खूण नाही, कारण ती तेव्हा स्वतंत्र मॉडेल नव्हती. साधी ल मान्स जीटीओ म्हणून खपवणे त्यामुळे सोपे गेले. कारखान्यात गाडीसोबत फिरणारा जोडणीचा तक्ता काही वेळा कामगार मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून ठेवत. सीट उसवताना उंदरांनी कुरतडलेला तो कागद हाती आला, तर मूळ इंजिन, गिअर आणि रंगाचा पुरावा मिळतो. म्हणून जुनी सीट न तपासता फेकू नये.

अलीकडच्या काळात मूळ स्थिती राखण्याकडे ओढा वाढला आहे. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग न्यू जर्सीतील एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली. त्या घरातली आई शाळेत शिकवायला जाताना ती रोज वापरत. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. बापलेकांनी ती नीट करण्याचा बेत २००१ मध्ये केला, पण वडिलांच्या आजारपणात तो लांबला. २०१४ मध्ये ते वारल्यानंतर मुलाने गाडी चालती केली. यंत्र दुरुस्त झाले, झिजलेला रंग आणि चित्रीकरणातल्या खुणा तशाच ठेवल्या गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये ती डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली.

नवा पत्रा मिळतो, नवे इंजिन मिळते. कारखान्यातला पहिला रंग आणि वापराच्या खुणा एकदा घासून काढल्या की परत मिळत नाहीत. जुनी गाडी उघडणाऱ्याने पान्याच्या आधी कॅमेरा हाती घ्यावा, प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा, आणि जे वाचवता येईल ते आधी वाचवावे.