तिकीट महाग का? अर्धं उत्तर अर्नाळ्याच्या किल्ल्यात आहे

मे महिना किंवा नाताळ जवळ आला की आपल्या पट्ट्यात एकच विषय निघतो. दुबईचं तिकीट कितीला पडलं? टोरोंटोचं एजंट काय सांगतोय? अर्नाळा, आगाशी, नंदाखाल ते वसईपर्यंत परदेशात कुणीच नाही अशी आळी शोधावी लागेल. वारंवार विमानाने फिरणारा माणूस म्हटला की सूटबूटवाला साहेब डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे तो कुवेतमधला वेल्डर असतो, नर्स असते, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आजी.

तिकीट वाढलं की उत्तर ठरलेलं: "इंधन महागलं." ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या किल्ल्यात आहे, असं मला वाटतं.

होडीने पलीकडे जाताना कधी नीट बघा. किल्ला बेटावर आहे, वैतरणेच्या तोंडाशी. आत जाणारं प्रत्येक गलबत त्याच्या तोफांसमोरून जायचं. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि मग हे बेटही. त्यांची खरी कमाई नुसत्या जमिनीची नव्हती, वाटेची होती. अरबी समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांच्याकडून 'कार्ताझ' म्हणजे परवाना घ्यावा लागे. जहाज कुणाचं, चाललंय कुठे, माल काय, सगळं त्यात लिहिलेलं. वाटेत त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. परवाना नसला की जहाज जप्त. मक्केला जाणाऱ्या मुघलांच्या जहाजांनाही हे कार्ताझ चुकलं नाही. आपलेही काही मागे नव्हते बरं का. कान्होजी आंग्रे स्वतःची दस्तकं देत. १७३७ मध्ये अर्नाळा मराठ्यांकडे आला, बाजीरावांनी किल्ला पुन्हा बांधला, पण नदीचं तोंड तिथेच राहिलं. राखणारे बदलले एवढंच.

आता समुद्रावरून आभाळात या. १९४४ च्या शिकागो करारात तत्त्व पक्कं झालं की प्रत्येक देश आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा मालक. म्हणजे जमिनीवर सीमा होत्याच, त्या आता वरही गेल्या.

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. जाहिरातीतलं भाडं १,७२० रुपये. आज हसू येतं, पण त्याच सुमारास पहिल्या वेतन आयोगाने सरकारी नोकराचं किमान वेतन महिना ५५ रुपये ठरवलं होतं. म्हणजे शिपायाचा अडीच वर्षांहून जास्त पगार. "पूर्वी स्वस्ताई होती" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

आखातात जाणारी माणसं तेव्हा बोटीने जात. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'द्वारका', 'दुमरा', 'दारा' या बोटी मुंबईहून आखाती बंदरांपर्यंत जायच्या. गरीब माणूस डेकवर वळकटी पसरून. १९६१ मध्ये दुबईजवळ 'दारा'वर स्फोट झाला, दोनशेच्या वर माणसं गेली. स्वस्त तिकिटाची किंमत कधी कधी अशीही मोजली गेली. 'द्वारका' १९८२ मध्ये थांबली आणि ती वाट विमानांकडे गेली.

मधल्या काळात १९७३ चं तेलसंकट येऊन गेलं. तेल काही महिन्यांत जवळपास चौपट महागलं, विमानाचं इंधनही. गंमत अशी की त्याच पैशातून आखातात रस्ते, बंदरं, शहरं उभी राहिली आणि आपल्या पोरांना काम मिळालं. ज्या तेलाने तिकीट महाग केलं, त्याच तेलाने तिकिटाचे पैसे दिले.

वाट बंद झाली की काय होतं तेही बघा. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ बंद होता, जहाजांना आफ्रिकेला वळसा पडला. १९७१ मध्ये भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा ढाक्याला जायला त्यांना श्रीलंकेवरून फिरून जावं लागलं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. वर्षभर असंच चाललं तर सुमारे ६० कोटी डॉलरचा जादा खर्च येईल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवला होता. जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना. पण वळशाचं इंधन शेवटी कुणाच्या तरी तिकिटात येतंच.

आणि आजचं कार्ताझ? ते आहे दोन देशांमधला आसनांचा करार. भारत–दुबई मार्गावर दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला साधारण ६५-६६ हजार आसनांची मर्यादा बरीच वर्षं राहिली. दुबई ती वाढवून मागते, दिल्ली हात आखडता घेते. दिल्लीचं म्हणणं अगदीच चूक नाही. आखाती कंपन्या आपले प्रवासी दुबईमार्गे पुढे युरोप-अमेरिकेला नेतात आणि आपल्या कंपन्या मागे पडतात. पण माणसं वाढली, आसनं तेवढीच, म्हणजे हंगामात भाव चढणारच. त्यात रुपया घसरला की अजून भर.

माझं म्हणणं इतकंच. या वाटाघाटीत कंपन्यांची बाजू मांडायला कंपन्या असतात. वेल्डरची बाजू कोण मांडतं? कंपनी वर्षा-दोन वर्षांनी एक तिकीट देते. बापाच्या मयताला यायचं तर पदरचे पैसे, आणि तेही आदल्या रात्रीच्या भावाने. असा किती जणांनी शेवटचा निरोप मोबाईलवर घेतला असेल? आसनांचा करार ठरताना हंगामातल्या कामगारांच्या भाड्याचा विचार व्हावा, ही मागणी आपल्या खासदारांकडे आपणच न्यायला हवी. महागाईची ओरड करून ते होणार नाही. नेमकं काय मागायचं ते माहीत हवं.

एक विनंती. कुणाच्या घरी ट्रंकेत बोटीचं जुनं तिकीट, पी फॉर्म, पहिल्या आखातवारीचा पासपोर्ट असेल तर फेकू नका. फोटो काढून पाठवा. किल्ल्याचा इतिहास लिहिलेला आहे, या माणसांचा अजून कुणी लिहिलेला नाही.