लँकेशायर : एकाच धंद्यावर विसंबलेली काउंटी

१/ इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांनी भारतीय विणकराचा रोजगार हिरावला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच यंत्रांनी लँकेशायरच्या हातमाग विणकरांनाही देशोधडीला लावले होते.

२/ १८१३ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० यंत्रमाग होते. १८५० पर्यंत ते अडीच लाखांवर गेले. हातमागाची मजुरी कोसळली. विणकरांची मुले गिरणीत कामाला लागली.

३/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. कापूस येईना, गिरण्या थंडावल्या, लाखो हात रिकामे झाले. त्याच टंचाईने मुंबईचे कापूस व्यापारी मात्र गबर झाले.

४/ १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केले. सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते भारत. महायुद्धात हा पुरवठा आटला आणि भारतीय व जपानी गिरण्यांनी ती बाजारपेठ व्यापली.

५/ सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधील डार्वेनला गेले. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ सोसणाऱ्या कामगारांनीच त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

६/ १९५८ मध्ये ब्रिटनची सुती कापडाची आयात निर्यातीहून अधिक झाली. हातमाग बुडाला तेव्हा विणकराच्या मुलांना गिरणीचा आधार होता. आता गिरण्याच बंद पडत होत्या.