पंडिता रमाबाई आणि शारदा सदनाच्या मुली

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत आपण आपल्या शाळेच्या आठवणी लिहितो. या लेखात मात्र दुसऱ्याच एका शाळेची हकिगत सांगायची आहे. ती सुरू झाली तेव्हा तिच्या पटावर जेमतेम दोन मुली होत्या. संस्थापिका ख्रिस्ती होत्या आणि त्यांच्या धर्मावरून पुढे पुण्यात मोठे वादळ उठले. शाळेची खरी पारख तिथून बाहेर पडलेल्यांवरून होते, असे आपण म्हणतो. ती कसोटी या शाळेला लावून पाहण्यासारखी आहे.

संस्थापिका म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने मुलीला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही, पती निवर्तले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या 1882 साली पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाच्या कामाला लागल्या.

वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इराद्याने त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवला होता. समाजाने उंबऱ्याबाहेर टाकलेल्या बायकांची मायेने सेवा करणाऱ्या स्त्रिया रमाबाईंनी तिथे पाहिल्या. अशा बाईसाठी दयेचा शब्द त्यांना शास्त्रांत कुठे आढळला नव्हता. या भगिनी हे का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला तरी बाईंचा स्वतंत्र बाणा बदलला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी भगिनींना स्पष्ट विचारले. चर्चची शिकवण पटल्याशिवाय स्वीकारायची नाही, हाही त्यांचा आग्रह असे. महाराष्ट्रात धर्मांतराची बातमी पोचली तेव्हा टीकेचा भडिमार झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी निधी उभा केला. त्यातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये देवरुखची एक बालविधवा होती, गोदूबाई. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. कोणावर ख्रिस्ती धर्म लादायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा नियम होता. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्याच 1893 साली गोदूबाईंचा पुनर्विवाह प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. अण्णासाहेबांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. आनंदीबाईंनी त्यासाठी वर्गणी गोळा केली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमासाठी निधी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. रमाबाईंनी अमेरिकेत ज्या कामासाठी हात पसरला होता, तेच काम शारदा सदनाच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरातून हिंदू समाजाच्या आत उभे राहिले.

रमाबाईंचे पाऊल मात्र आणखी खाली, जिथे कोणी जात नव्हते तिथे पडले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. निराधार मुलींवर टपलेले दलाल त्यांनी पाहिले. त्यांनी शेकडो मुली आणल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवण्यास मज्जाव झाला, तेव्हा दौंडच्या रेल्वेमार्गावरील केडगावच्या शेतात झोपड्या व तंबू उभे राहिले. तेच ‘मुक्ती’. गुजरात-राजपुतान्यातल्या पुढच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अत्याचारात सापडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. मनोरमेने त्यात पुढाकार घेतला. कोणालाही फुकट बसवून ठेवायचे नाही, हा दंडक होता. मुली शेती करीत, माग चालवीत, तेल गाळीत, शिवण शिकत. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सारे मुलीच करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच मुलींनी छापले.

केडगावात शारदा सदनाची धार्मिक तटस्थता उरली नव्हती, हे नोंदवायला हवे. ते उघड ख्रिस्ती घर होते आणि बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. टीकाकारांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण दुष्काळी छावणीतल्या, जातीपातीचा पत्ता नसलेल्या, रोगाने पोखरलेल्या त्या मुलींना आपल्या घरात घ्यायला तेव्हा किती दारे उघडी होती, हा प्रश्नही टीकाकारांना विचारला पाहिजे.

मनोरमा 1921 साली गेली. एकुलत्या लेकीच्या मागून, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

शारदा सदनाच्या मुली दोन वाटांनी गेल्या. काहींनी बाईंचा धर्म घेतला, काहींनी नाही. दोन्हींकडच्या पुष्कळजणींनी पुढे दुसऱ्या कुणाला तरी हात दिला. आपणही मेळाव्यात भेटतो तेव्हा कोण कुठे पोचला हे विचारतो. आपल्यामुळे आणखी कोण शाळेच्या दारापर्यंत पोचले, हेही एकमेकांना विचारायला हरकत नाही.