जुन्या गाण्यांच्या रेडिओ केंद्रांची चढाओढ : सिलोनपासून एफएमपर्यंत

मंडळाच्या सभासदांपैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना विचारले की रेडिओवर काय ऐकता, तर नव्वद टक्के उत्तर एकच येते : जुनी गाणी. अमेरिकेत अशा केंद्रांचे ‘क्लासिक हिट्स’ आणि ‘क्लासिक रॉक’ असे वेगवेगळे प्रकार आहेत. एकाच शहरात दोन-तीन केंद्रे एकाच वयाच्या श्रोत्यासाठी झगडतात. आपल्याकडे त्यांना कोणी ‘सदाबहार’ म्हणतो, कोणी ‘गोल्ड’, कोणी ‘रेट्रो’. नावे नवी असली तरी हा झगडा आपल्या भागाला नवा नाही. त्याच्या पहिल्या फेरीत तर खुद्द गोव्याचे केंद्र होते.

पोर्तुगीज काळात पणजीहून ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र चालत असे. लोक त्याला सरळ रेडिओ गोवा म्हणत. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर भारताचे नभोवाणीमंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची रुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. त्यातच गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात, असे आकाशवाणीने धरले आणि निर्मात्यांशी वाद पेटला. परिणामी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्याने काय केले? बटण फिरवले. कोणी रेडिओ गोवा लावला, कोणी पाकिस्तान, आणि बहुसंख्यांनी सिलोन. त्या काळी एक विनोद प्रसिद्ध होता : दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन चालू असतो आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो.

सिलोनचे सामर्थ्य दोन गोष्टींत होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबोत उभारलेले जबरदस्त लघुलहरी प्रक्षेपक त्यांना आयतेच मिळाले. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, म्हणून कोलंबोचा आवाज हिमालयापर्यंत जाई. दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरातीचा पैसा. ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ एका टूथपेस्टच्या पैशावर चालत होती. अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. गाणी मुंबईची, आवाज मुंबईचा, श्रोते भारतातले, आणि उत्पन्न मात्र लंकेचे! बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब फार बोलका वाटतो.

आकाशवाणीला हे उमगायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या पुढाकाराने ‘विविध भारती’ सुरू झाली आणि प्रतिस्पर्ध्याचाच माल अधिक शिस्तीत विकू लागली. सैनिकांसाठी ‘जयमाला’, रात्री ‘छायागीत’, नाटुकल्यांसाठी ‘हवा महल’. जाहिराती मात्र १९६७ मध्ये आल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूर येथे. पुढे १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली. म्हणजे स्पर्धेची अखेर प्रतिस्पर्ध्याचा मुख्य निवेदक आपल्या घरी आणून झाली.

त्या पाच-सहा वर्षांत गोव्यातल्या रेडिओ संचाला आणखी एक काम होते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे सीमेपलीकडच्या जंगलातून मुक्तीसाठीचे गुप्त केंद्र चालवीत. गाण्यांसाठी रेडिओ गोवा आणि खऱ्या बातम्यांसाठी हे केंद्र, अशी अनेक घरांची वाटणी होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी बांबोळीचे नभोवाणी केंद्र निकामी केले आणि रेडिओ गोव्याचा अध्याय संपला. पुढच्याच महिन्यात आकाशवाणीचे पणजी केंद्र बोलू लागले.

माझी पिढी मुक्तीच्या आसपासची. शिरगावात आमच्या घरी एकच संच होता आणि त्यावरून रोज सकाळी भांडण होई. वडिलांना आकाशवाणीच्या बातम्या हव्या असत, आईला साडेसातचा सिलोन. सिलोनवर साडेसात ते आठ ‘पुरानी फिल्मों का संगीत’ असे आणि आठला तीन मिनिटे कमी असताना कुंदनलाल सैगल यांचे गाणे हटकून लागे. सैगल लागला की आम्ही दप्तरे उचलायचो. घड्याळ पाहायची गरज नव्हती. आता आठवले की लक्षात येते, आम्हा मुलांना तेव्हाही ती गाणी जुनीपुराणी वाटत. ‘जुने गाणे’ कशाला म्हणायचे हे आईच्या वयावर ठरत होते.

आजच्या चढाओढीचे गमक इथेच आहे. खासगी केंद्राचे सगळे उत्पन्न जाहिरातीचे, आणि जाहिरातदाराला खरेदी करणारा श्रोता हवा असतो, साधारणतः पंचविशी ते पन्नाशीतला. म्हणून ‘जुने’ या शब्दाची व्याख्या दरवर्षी थोडी पुढे सरकते. न्यूयॉर्कचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे डब्ल्यूसीबीएस-एफएम हे केंद्र १९७२ पासून जुनी गाणी लावत होते. ३ जून २००५ रोजी मालकांनी ती एका दिवसात बंद केली आणि निवेदकांशिवाय, सरमिसळ गाण्यांचा ‘जॅक’ नावाचा नवा प्रकार आणला. श्रोते तुटले. दोन वर्षांनी, १२ जुलै २००७ रोजी, जुनी गाणी परत आणावी लागली. पण परत आली ती मुख्यतः साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली. पन्नाशीच्या दशकातली गाणी बहुतांशी बाहेरच राहिली, आणि ती ऐकत तरुण झालेले लोकही जाहिरातदाराच्या हिशेबाबाहेर गेले.

आपल्याकडे तेच घडते आहे. २०१५ च्या तिसऱ्या टप्प्यातील लिलावात दिल्लीतल्या एका एफएम वारंवारितेसाठी १६९ कोटी रुपयांहून अधिक बोली लागली आणि ती घेणाऱ्या कंपनीने तिच्यावर जुन्या गाण्यांचे ‘रेडिओ नशा’ सुरू केले. मुंबईतही नशा आले. त्याच्या समोर रेड एफएमवाल्यांचे ‘रेडट्रो’ उभे राहिले. बिग एफएमने त्याआधीच जुन्या गाण्यांची कास धरली होती आणि २०१३ पासून अन्नू कपूर यांचा ‘सुहाना सफर’ त्यांच्याकडे होता. यांपैकी कोणतेही केंद्र लावून पाहा. सत्तर-ऐंशीचे दशक भरपूर, नव्वदचे वाढते, सैगल नाही, पंकज मलिक नाही. कोट्यवधींची बोली वसूल करायची तर हे ओघाने आलेच, त्यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आमच्या आईला त्या केंद्रांवर जागा नाही.

मराठी-कोंकणी गाण्यांची तर गणतीच नाही. पणजीहून खासगी एफएम आले तेव्हा मिर्ची आणि बिग हिंदीकडे, इंडिगो इंग्रजीकडे, अशी विभागणी झाली. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची नाट्यपदे, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांना जाहिरातीच्या भाषेत ‘क्लासिक’ कोणी म्हणत नाही. पंडित जितेंद्र अभिषेकी हेसुद्धा मंगेशीचेच. ते उमेदीच्या काळात मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात नोकरीला होते. हा ठेवा लागतो तो आकाशवाणीवरच, कारण तिला बोलीचे पैसे वसूल करायचे नाहीत. तिचे निवेदन कधी कधी सरकारी वाटते, कार्यक्रमात मध्येच बातम्या येतात, हे मान्य. तरीही.

२०१७ साली सारेगामाने ‘कारवाँ’ आणला. दिसायला जुना रेडिओ, आत पाच हजार गाणी भरलेली, जाहिरात नाही. खासगी केंद्रांचा खरा प्रतिस्पर्धी मला हाच वाटतो, कारण आई-वडिलांना भेट म्हणून तो घरोघरी गेला. मी निवृत्त झाल्यावर मुलीने आमच्याकडेही एक आणला. आईने तो आठवडाभर कौतुकाने वाजवला. आता दुपारी लावते. सकाळी मात्र तिला आकाशवाणीच लागते. “हा वेळ सांगत नाही आणि कोण गेलं तेही सांगत नाही,” असे तिचे म्हणणे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सायानी गेले, ही बातमी तिने रेडिओवरच ऐकली आणि आम्हाला सांगितली.

शिरगावात आज पणजी आकाशवाणी, विविध भारती आणि एफएम रेनबो मिळतात. डोंगराआडच्या घरांत एफएमला खरखर येते, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. संच खिडकीशी ठेवून एरियल पूर्ण ओढले तर फरक पडतो. परगावी, परदेशी असलेल्या सभासदांनी प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे अॅप मोबाइलवर घ्यावे. त्यावर विविध भारती आणि अनेक प्रादेशिक केंद्रे फुकट ऐकता येतात. ज्यांच्या घरी नभोवाणीवरून टिपलेल्या नाट्यपदांच्या किंवा भजनांच्या जुन्या कॅसेट असतील, त्यांनी त्या दर पावसाळ्यानंतर एकदा पुढे-मागे फिरवून ठेवाव्यात. आपल्या हवेत फितीला बुरशी लवकर धरते.